वाळवंटातली सेसना: उन्हाळ्याआधीच्या कामांच्या नोंदी

१ मार्च

विमान: सेसना १७२ एम, १९७४ सालचं. इंजिन लायकमिंग ओ-३२०, १५० अश्वशक्ती. मुक्काम चँडलर, अ‍ॅरिझोना, फिनिक्सच्या दक्षिणेला. विमानतळाची उंची १,२४३ फूट. हँगरची प्रतीक्षायादी लांब, त्यामुळे विमान उघड्यावर, दोरांनी बांधलेलं.

चिप कारखान्यांमुळे इथे मराठी घरं बरीच झाली आहेत आणि त्यातल्या काहींना सुट्टीच्या दिवशी विमान उडवायचा नाद लागला आहे. जुनं विमान घ्यायच्या बेतात असलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: हवा कोरडी, म्हणजे गंज नाही, म्हणजे विमानाला काही होत नाही ना? धातूपुरतं खरं आहे. टूसॉनच्या डेव्हिस-मॉन्थन तळावर अमेरिकी लष्कराने निवृत्त विमानं हजारोंनी उभी करून ठेवली आहेत ती याच कारणाने. हवा कोरडी, आणि जमीन इतकी टणक की काँक्रीट न घालताही जड विमान उभं राहतं. पण तिथेसुद्धा विमान आलं की काचांवर आणि फटींवर पांढरा लेप फवारतात. अ‍ॅल्युमिनियमला ऊन लागत नाही. काच, रबर, दोर, बॅटरी आणि आत बसणारा माणूस यांना लागतं. पुढची कामं त्यांचीच.

मालक-पायलटने स्वतःच्या हाताने काय करावं याची यादी एफएएच्या (अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेच्या) नियमावलीत, भाग ४३ च्या परिशिष्टात आहे. टायर, स्पार्क प्लग, बॅटरी, ऑइल, बाजूच्या काचा (सांगाड्याला किंवा कंट्रोलला धक्का लागत नसेल तर) हे चालतं. काम झालं की लॉगबुकात कामाचं वर्णन, तारीख, सही, लायसन्सचा क्रमांक आणि प्रकार लिहायचा. यादीबाहेरचं काम मेकॅनिकच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सहीने. आमचा मेकॅनिक सत्तरीचा, कमी बोलणारा, आणि तासाचे ११० डॉलर घेणारा आहे.

बजेट १,५०० डॉलर. मुदत मे अखेर.

८ मार्च

मागच्या सीटच्या बाजूच्या दोन्ही काचा काढल्या. काच म्हणजे खरं तर अ‍ॅक्रिलिक. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तिच्यात बारीक रेघांचं जाळं होतं. सूर्य समोर आला की ते सगळं रुपेरी उजळतं आणि पलीकडचं विमान दिसत नाही. पॉलिश करून बघितलं होतं, वरवरच्या रेघा जातात, आतल्या जात नाहीत.

आतलं प्लास्टिक ट्रिम काढा, पट्ट्यांचे रिव्हेट ड्रिल करा, जुनं सीलंट खरवडा, एवढंच काम. खरवडण्यात पूर्ण दुपार गेली. सीलंट काढायला अ‍ॅसिटोन किंवा तत्सम जहाल सॉल्व्हंट काचेजवळ नेऊ नका, अ‍ॅक्रिलिक तडकतं. अमोनियावाली घरातली काच पुसायची फवारणीही नको.

दरम्यान नव्या काचा विमानाला टेकवून उन्हात ठेवल्या होत्या. त्यांच्यावर संरक्षणासाठी चिकट फिल्म असते. मार्चच्या कोवळ्या उन्हातसुद्धा तिचा गोंद शिजला, आणि नंतर फिल्म नखाएवढ्या तुकड्यांनी निघाली. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ फडक्याने. काचा सावलीत ठेवा, शक्यतो घरात, आणि फिल्म बसवायच्या दिवशीच काढा.

१५ मार्च

डावी काच बसवली. सकाळी अगदी नेटकी बसली, कुठे फट नाही. दुपारी रिव्हेटच्या एका भोकापासून कोपऱ्यापर्यंत तडा.

कारण साधं आहे. अ‍ॅक्रिलिक तापलं की दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे ७० मायक्रोमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम २३. ही काच साधारण ६५ सेंटिमीटर लांब. सकाळच्या गारव्यातून ती दुपारच्या उन्हात तीसेक अंशांनी तापली की चौकटीपेक्षा सुमारे एक मिलिमीटर जास्त वाढते. जूनमध्ये जवळपास दोन. त्या वाढीला जागाच ठेवली नव्हती. मेकॅनिक येऊन बघून गेला, म्हणाला, ओहायोच्या थंडीत हे चाललं असतं.

नवी काच मागवली. १४० डॉलर, पाठवणावळ वेगळी.

२९ मार्च

दोन्ही काचा बसल्या. या वेळी चारही कडांना ३ मिलिमीटर फट, भोकं रिव्हेटच्या दांड्यापेक्षा मोठी, आणि ड्रिलचं पातं प्लास्टिकसाठी घासलेलं. साधं पातं अ‍ॅक्रिलिकमध्ये चावतं आणि पलीकडे निघताना कपचा उडवतं. कडा बारीक पॉलिशपेपरने गुळगुळीत केल्या. तडे खरखरीत कडेपासूनच सुरू होतात. लॉगबुकात नोंद केली.

समोरच्या काचेला हात लावलेला नाही. ती ‘बाजूची काच’ नाही, म्हणून यादीत बसत नाही.

५ एप्रिल

बाबा साताऱ्याहून आले आहेत. त्यांना विमानतळ दाखवायला नेलं तर उजवं चाक बसलेलं. टायरमधून काटा उपसून हातात दिला तर बाबा म्हणाले, “अरे, हे तर आपले सराटे! माणदेशात वहाणा घातल्याशिवाय शेतात पाय टाकता येत नाही यांच्यामुळे. इथे कुणी आणले?”

कुणी आणले ते सांगता येणार नाही, पण वनस्पती तीच, गोखरू. भूमध्य समुद्राच्या बाजूने कधीतरी अमेरिकेत शिरली आणि नैऋत्येकडच्या कोरड्या राज्यांत माजली. टॅक्सीवेच्या कडेला, विमान बांधायच्या जागेच्या फटींत, सगळीकडे. बाबांनी विमानाभोवतीचे वेल मुळासकट उपटून पिशवीत भरले आणि वर सूचना: फळं धरायच्या आत उपटायचे, नुसतं वरून कापायचं नाही.

दोन्ही मुख्य टायर तसेही बाजूने भेगाळले होते. नक्षी शिल्लक होती पण उन्हाने रबर मेलेलं. दोन्ही बदलले, ट्यूबसकट. माप ६.००-६.

हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी: चाक दोन अर्ध्या डिस्कचं असतं, आरपार बोल्टनी जोडलेलं. बोल्ट सैल करण्याआधी हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्हचा कोअरच काढून टाका. हवा भरलेली असताना बोल्ट सोडले तर दोन अर्ध्या डिस्क तोफेच्या जोराने सुटतात आणि माणसं मेलेली आहेत. पुढे: ट्यूबला टाल्क लावा, टायरवरचा लाल ठिपका ट्यूबच्या व्हॉल्व्हसमोर आणा (ट्यूबवर वेगळी खूण असेल तर त्या खुणेसमोर), थोडी हवा भरून ट्यूब सरळ करून घ्या आणि मगच अर्धे जोडा. डाव्या चाकाला ही शेवटची पायरी घाईत गाळली, ट्यूब दोन डिस्कच्या मध्ये चिमटली. ३५ डॉलरची ट्यूब आणि दोन तास.

१९ एप्रिल

रनवेवर धाव सुरू, इंजिन पूर्ण जोरात, आणि वेगाचा काटा शून्यावर. थ्रॉटल मागे, ब्रेक, परत जागेवर.

पिटो ट्यूबचं, म्हणजे वेग मोजायला समोरची हवा घेणाऱ्या नळीचं, कापडी कव्हर मागच्या आठवड्यातल्या वाऱ्यात उडालं होतं. तेवढ्या दिवसांत कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात चिखलाचा गिलावा करून ठेवला. वाळवंटात तिला ओली माती कुठून मिळते याचं उत्तर विमानं धुवायच्या नळाशी मिळालं. खाली कायम चिखल असतो.

१९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्जनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. पिटो नळी बंद होती. तपास करणाऱ्यांना संशय याच जातीच्या माशीच्या घरट्याचा. विमान बरेच दिवस कव्हरशिवाय उभं होतं.

आतून कॉम्प्रेस्ड हवा मारायचा मोह होतो. मारू नका, पलीकडे वेगमापक जोडलेला असतो आणि त्याचा पडदा तिथल्या तिथे फाटतो. मेकॅनिकने नळी मागून सोडवून साफ केली. मी तेवढ्यात डाव्या पंखाच्या आधारदांडीमागचं इंधनटाकीचं व्हेंट तपासलं. तिथेही गिलाव्याची सुरुवात झालेली. ते बंद झालं तर टाकीत हवा शिरत नाही आणि इंजिनाला पेट्रोल उतरेनासं होतं. वेगाचा काटा निदान जमिनीवर समजतो, हे हवेत समजतं.

नवी कव्हरं आणि इंजिनच्या तोंडाचे फोमचे बूच, लांब लाल फितींसकट: ८५ डॉलर. फिती कंटाळवाण्या फडफडतात पण काढायला विसरत नाही माणूस.

३ मे

आता महत्त्वाचं काम. सगळ्यात जास्त तपशील इथे देतो, कारण उन्हाळ्यासाठी खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सर्वात जास्त फायदा इथेच होतो.

हे इंजिन हवेने थंड होतं. पुढून आलेली हवा सिलिंडरांच्या वर कोंडली जाते आणि सिलिंडरच्या फिन्समधून, म्हणजे त्यावरच्या पातळ पात्यांमधून, खाली जाते. ती कोंडून ठेवणारे पत्रे म्हणजे बॅफल, आणि पत्र्यांच्या कडेला कॉउलिंगपर्यंतची (इंजिनावरच्या झाकणापर्यंतची) फट बुजवणारी रबरी पट्टी म्हणजे बॅफल सील. पट्टी कडक झाली, वाकली, फाटली की हवा सिलिंडरांना बगल देऊन मागच्या मागे निघून जाते. चाळीस अंशात उडणाऱ्या इंजिनाला ही चोरी परवडत नाही.

कॉउलिंग काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं. मागची पट्टी बोटाने दाबली तर पापडासारखी मोडली. कॉउलिंगच्या आतल्या बाजूला पट्टी घासल्याची काळी रेघ सलग हवी. आमची तीन ठिकाणी तुटक होती, म्हणजे तिथे पट्टी टेकतच नव्हती. ऑइल कूलरच्या भोवतीही उजेड आरपार दिसत होता.

बॅफलचं काम मालकाच्या यादीत नाही, म्हणून मेकॅनिकच्या नजरेखाली केलं. सिलिकॉनची नवी पट्टी ७० डॉलर. जुन्या पट्टीचा कागदावर छाप घेतला, पण जुनी आखडलेली असल्याने छापही आखूडच निघाला. एक सेंटिमीटर वाढवून कापली. पत्र्यांमधल्या बारीक फटी उच्च तापमानाच्या आरटीव्ही सिलिकॉनने भरल्या. फिन्समध्ये अडकलेला एक फडक्याचा तुकडा निघाला, तो कुणाच्या हातचा हे विचारायचं नाही असं ठरलं.

कॉउलिंग परत लावताना पट्टी आत, इंजिनाच्या बाजूला वळलेली राहायला हवी, म्हणजे हवेच्या दाबाने ती आणखी घट्ट बसते. एका कोपऱ्यात ती उलटी मागे दुमडली होती. बाहेरून दिसत नाही. पुढच्या तोंडातून हात घालून चाचपावं लागतं. दर वेळी कॉउलिंग लावल्यावर हे चाचपणं आता सवयीत आलं आहे.

१७ मे

मोजमाप. त्याच सुमाराचं तापमान, तेवढंच वजन, ५,५०० फुटांपर्यंत चढ. उजवं मागचं, म्हणजे तीन नंबरचं सिलिंडर आधी ४३० फॅरनहाइटपर्यंत जायचं. आज ४०५. लायकमिंगची कमाल मर्यादा ५०० आहे, पण ४३५ च्या वर रोज ठेवलं तर सिलिंडर लवकर जातात. ऑइलही लाल रेघेपासून, २४५ पासून, आता बरंच लांब राहतं. चढताना नाक खाली ठेवून ८५ नॉट राखले तर आणखी फरक पडतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

३१ मे

केबिन थंड करायचा प्रकल्प. या विमानाला एसी नाही. बाजारात बर्फाच्या पेटीचे कूलर मिळतात, पण महाग. म्हणून घरी केला. थर्माकोलच्या अस्तराची पेटी, त्यात १० किलो बर्फ आणि पाणी, बोटीतला छोटा बिल्ज पंप, कारच्या हीटरची जाळी, १२ व्होल्टचा पंखा. वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून. पेटी मागच्या सीटच्या पट्ट्याने बांधायची. सुटी वस्तू म्हणूनच ठेवायची, विमानाला स्क्रूने बसवली तर कागदपत्रांचा दुसराच खेळ सुरू होतो. खर्च २१० डॉलर. दोन शनिवार गेले.

बाबा बघत होते. “त्यापेक्षा पहाटे उडव ना,” एवढंच म्हणाले.

७ जून

चाचणी. जमिनीवर, बाहेर ४१ अंश. पहिली दहा मिनिटं मजा. मग कोमट. रनवेपर्यंत पोचेस्तोवर बर्फ संपला.

घरी येऊन हिशेब मांडला. आपण दुकानात एक टनाचा एसी म्हणतो तो टन म्हणजे २४ तासांत एक टन बर्फ वितळवण्याइतकी थंडी, तासाला साधारण ३८ किलो. म्हणजे १० किलो बर्फात एक टनाचा एसी पाव तास चालतो. चारी बाजूंनी काचा असलेल्या या डब्याला एक टन तरी लागणारच. तासभर पुरायचं तर चाळीस किलो बर्फ, म्हणजे एक सडपातळ प्रवासी जमिनीवर ठेवायचा. शिवाय जाळीवरून ठिबकलेल्या पाण्याने गालिचा ओला झाला.

ओल्या खसाचा पर्याय सुचवणाऱ्यांना: जूनच्या कोरड्या हवेत तो चालेल, जुलैत हवेत दमटपणा आला की नाही.

तेवढ्याच उत्साहात ३९० डॉलरचं काचांवर बाहेरून घालायचं पांढरं कव्हरही घेतलं होतं, ते मात्र कामाचं निघालं. आतून लावायचे चंदेरी पडदे स्वस्त असतात, पण उष्णता काचेतून आत आल्यावर परतवतात, काच आणि पडदा यांच्या मधली हवा तापते आणि ती काचच भोगते. बाहेरच्या कव्हरचा तोटा: खाली धूळ गेली आणि वाऱ्याने कव्हर हललं की काच घासते. म्हणून आधी काच पाण्याने धुवायची, पुसायची, मग कव्हर, आणि पट्टे ताणून.

२१ जून

बाबांचं ऐकलं. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे या दिवसांत सव्वापाचलाच उजाडतं. साडेपाचला चाकं वर. बाबा उजव्या सीटवर, पेसनला नाश्ता.

२८ अंशाला चँडलरची डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे तापून विरळ झालेल्या हवेत विमानाला जेवढ्या उंचीवर असल्यासारखं वाटतं ती उंची, साधारण ३,१०० फूट येते. दुपारी ४३ अंशाला तीच ४,९००. (पटकन हिशेब: प्रमाण तापमानापेक्षा दर जास्तीच्या अंशाला १२० फूट मिळवा. इथलं प्रमाण तापमान साडेबारा अंश.) १५० अश्वशक्तीच्या इंजिनाला हा फरक जाणवतो. पेसन ५,१५७ फुटांवर, पाइनच्या जंगलात, हवा गार. पण गार म्हणून गाफील राहायचं नाही: तिथे दहा-अकरा वाजता तीस अंश झाले की डेन्सिटी अल्टिट्यूड ८,२०० फुटांच्या आसपास जाते. चहा दुसऱ्यांदा न मागवता आठच्या आत निघालो. इंधन आणि हवेचं मिश्रण पातळ करून घेतलं, तरी धाव घरच्यापेक्षा बरीच लांबली.

परतताना डोंगर ओलांडून खोऱ्यात उतरायला लागलं की तापमानाचा आकडा हजार फुटांमागे दोन-तीन अंशांनी चढत जातो. बाबा तो मोठ्याने वाचत होते.

६ जुलै

आयपॅड हवेत बंद पडला. स्क्रीनवर तापमानाची सूचना, नकाशा गेला. अ‍ॅपलच्या मते तो ३५ अंशांपर्यंतच वापरायचा. इथे तेवढं सकाळीच होतं. पाठीमागून हवा लागेल असा होल्डर घेतला, ३५ डॉलर, व्हेंटच्या समोर लावला. कागदी नकाशा मांडीवर, आणि फोन पिशवीत सावलीत.

१९ जुलै

मान्सून. इथेही मान्सूनच म्हणतात, हवामान खात्याच्या हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर. आधी धूळ येते, मागून पाऊस, आणि पुष्कळदा नुसतीच धूळ. काल संध्याकाळी दक्षिणेकडून तिची भिंत आली. सकाळी जाऊन बघितलं तर डाव्या पंखाचा दोर तुटलेला, उजव्याने आणि शेपटीच्या दोराने विमान धरून ठेवलेलं. पंखाचं टोक बाजूच्या खांबापासून वीतभर.

दोर जाड होता, पण पॉलिप्रॉपिलीनचा, दोन उन्हाळे खाल्लेला. हातात चुरगळला तर पावडर पडली. सगळे दोर बदलले, या वेळी पॉलिएस्टरचे, ४८ डॉलर, आणि लेबलावर तारीख लिहून ठेवली. दर वसंतात बदलायचे. इंजिनचा एअर फिल्टर काढला तर त्यातून वाटीभर माती. आमचा फोमचा आहे, तसला धूत बसू नका, बदला. घरात सुटा पडलेला होता, तो लावला.

९ ऑगस्ट

हिशेब. काचा तीन, पाठवणावळ धरून ४८०. रिव्हेट, सीलंट ५५. टायर-ट्यूब, ती चिमटलेली धरून, ४३०. बॅफलची पट्टी ७०, मेकॅनिकचे चार तास ४४०. कव्हरं आणि बूच ८५, मोठं कव्हर ३९०. कूलर २१०, होल्डर ३५, दोर ४८. एकूण २,२४३ डॉलर, बजेट १,५००. परत करायचं झालं तर क्रम असा: पहिल्याच आठवड्यात बॅफल आणि मोठं कव्हर, मग दोर आणि पिटोची कव्हरं, त्यानंतर टायर, आणि काचांचं काम डिसेंबरात, जेव्हा ऊन त्यातल्या त्यात सौम्य असतं. शेडखालची एक जागा ऑक्टोबरात रिकामी होते आहे, तिच्यासाठी नाव दिलं आहे.

राहिलेलं: बॅटरी. उष्णतेने लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन-तीन वर्षांतच थकते. आमची स्टार्टरला आता कुरकुरते. सप्टेंबरात बदलणार.

बर्फाची पेटी, जाळी आणि पंखा कुणाला हवा असेल तर चँडलरला येऊन फुकट घेऊन जा. बिल्ज पंप बाबांनी घरच्या तुळशीला पाणी द्यायला लावला आहे, तो मिळणार नाही.